भाड्याची नौका, रात्रीचा पहारा

शिडाच्या नौका आठवड्याच्या बोलीने भाड्याने देणाऱ्या कंपन्यांच्या करारपत्रात एक कलम पुष्कळदा आढळते. सूर्यास्तापूर्वी नौका बंदरात बांधलेली किंवा नांगरलेली असावी. अंधारात ती चालविण्यास मनाई आहे. कॅरिबियन समुद्रातील ब्रिटिश व्हर्जिन बेटे ही या व्यवसायाची जुनी पेठ. 'द मूरिंग्ज' ही या धंद्यातील नामांकित कंपनी तेथेच १९६९ मध्ये निघाली, आणि आजही त्या बेटांवर भाड्याच्या नौकेला सामान्यतः रात्री शीड उभारता येत नाही. कारण उघड आहे. नौकेची मालकी पुष्कळदा एखाद्या गुंतवणूकदाराची, व्यवस्था कंपनीची, जोखीम विमा उतरविणाऱ्याची. आणि ताबा मात्र अशा गृहस्थाचा, ज्याला या तिघांपैकी कोणीही पूर्वी पाहिलेले नसते. ताबा दिवसाउजेडीच वापरला जावा, हा आग्रह कोणत्याही सावध सावकाराला सहज पटेल.

तरीही रात्रीचा प्रवास शिकावा लागतो. सगळीच बंदरे एका दिवसाच्या अंतरावर नसतात, आणि शिडाची नौका ताशी पाच-सहा सागरी मैलांपलीकडे फारशी धावत नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील अनेक कंपन्या अनुभवाची कागदपत्रे पाहून, आगाऊ परवानगी देऊन, भाडेकरूला रात्री इंग्लिश खाडी ओलांडू देतात. या व्यवहाराला 'बेअरबोट' म्हणतात. नौका मिळते, सोबत खलाशी मिळत नाही. भाडेकरूंपैकी एकाचे नाव करारात स्किपर म्हणून लिहिले जाते. आपल्या कोकण किनाऱ्यावर ज्याला तांडेल म्हणतात, तोच हा. नौका कोठे जाईल, केव्हा निघेल, केव्हा परत फिरेल, हे सर्व त्याच्या शब्दावर. आणि जे बिघडेल ते त्याच्या नावावर.

ब्रिटनमध्ये हौशी नौकानयनाच्या शिक्षणाची घडी रॉयल यॉटिंग असोसिएशन या १८७५ साली स्थापन झालेल्या संस्थेने बसविली आहे. तेथे स्वतःच्या नौकेतून हौसेने फिरणाऱ्यावर परवान्याची कायदेशीर सक्ती नाही, याचे आपल्याकडील वाचकाला नवल वाटेल. मात्र दुसऱ्याची नौका मागायला गेले की प्रमाणपत्र विचारले जाते. पहिली महत्त्वाची पायरी 'डे स्किपर' ही होय. पाच दिवसांच्या या प्रात्यक्षिक वर्गाला येण्यापूर्वी किमान पाच दिवस, १०० सागरी मैल आणि रात्रीचे ४ तास गाठीशी असावेत, अशी अपेक्षा असते. पुढच्या 'कोस्टल स्किपर' वर्गासाठी हेच आकडे १५ दिवस, ३०० मैल आणि रात्रीचे ८ तास असे होतात. त्यापुढील 'यॉटमास्टर ऑफशोअर' परीक्षेला बसणाऱ्याने ५० दिवस आणि २,५०० मैल केलेले असावे लागतात. शिवाय ६० मैलांहून लांबचे पाच प्रवास, त्यांपैकी दोन रात्रभराचे आणि दोन स्वतः स्किपर म्हणून केलेले.

हा ६० मैलांचा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. सागरी मैल म्हणजे अक्षांशाचा एक कलांश, म्हणजे १,८५२ मीटर. म्हणून एका अंशात ६० मैल होतात. इंग्लंडच्या वाइट बेटाच्या पश्चिम टोकाला पाण्यात उभे असलेले पांढरे सुळके आहेत, त्यांना नीडल्स म्हणतात. फ्रान्सचे शेर्बूर बंदर त्यांच्या जवळजवळ सरळ दक्षिणेस, त्याच रेखांशाजवळ, साधारण एक अंश खाली आहे. त्यात बेटावरच्या यारमथ बंदरापासून नीडल्सपर्यंतचे चार-पाच मैल मिळविले की परीक्षेची अट पुरी होते. शेर्बूरचे बाहेरचे बंदर प्रचंड धक्क्यांनी वेढलेले, रुंद तोंडाचे, भरती-ओहोटीच्या कोणत्याही वेळी आत जाता येईल असे आहे. नवशिक्या तांडेलांच्या कितीतरी पिढ्यांनी आपली पहिली रात्र याच वाटेवर का काढली असेल, याचा उलगडा नकाशावर एक दृष्टी टाकताच होतो.

समजा, जून महिन्यात पाच जणांचा गट यारमथहून सायंकाळी सात वाजता निघणार आहे. साडेपाच नॉटच्या वेगाने बारा तास. जूनमध्ये तेथे सूर्य सव्वानऊनंतर मावळतो आणि पाचच्या सुमारास उगवतो, त्यामुळे खरा अंधार थोडाच. निघण्याची वेळही हिशेबाने ठरलेली असते. नीडल्सजवळच्या चिंचोळ्या वाटेत ओहोटीचा प्रवाह उधाणाच्या दिवसांत चार नॉटच्या वर धावतो. तो पाठीशी घेतला तर नौका भराभर बाहेर पडते, त्याच्याविरुद्ध गेले तर तासभर जागीच. पलीकडे फ्रान्सचा किनारा पहाटेपूर्वी दृष्टिपथात यावा, म्हणजे दीपगृहे ओळखता येतात. आणि प्रत्यक्ष बंदरात शिरताना उजेड असावा. ही जुन्या खलाशांची रीत उपग्रहांच्या काळातही कोणी मोडलेली नाही.

निघण्याच्या आधीचा अर्धा दिवस नौका ताब्यात घेण्यात जातो. कंपनीचा माणूस यादी वाचतो, भाडेकरू एकेक वस्तू हाताने तपासतो. लाइफजॅकेटे, संकटसूचक दारूचे बाण, जीवरक्षक तराफ्याच्या तपासणीची तारीख, इंजिनाचे तेल, नांगराच्या साखळीची लांबी, डोलकाठीच्या टोकावरचा दिवा. अनामत रक्कम भरलेली असते. विम्यातून न मिळणारा पहिला हप्ता तिच्यातून वळता होतो. त्यामुळे जुना ओरखडा ताबा घेतानाच यादीत चढवून घेणे शहाणपणाचे. पारपत्राचा प्रश्नही आधीच सोडवावा लागतो. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन युरोपीय संघाच्या व्यवस्थेतून पूर्णतः बाहेर पडल्यामुळे खाडी ओलांडणारी छोटी नौकाही परदेशी गेली असे धरले जाते. भारतीय पारपत्र असणाऱ्याला दोन्ही बाजूंचे व्हिसा लागतात, आणि शिडाने आला म्हणून फ्रेंच अधिकारी त्याला सूट देत नाहीत.

आता भरती-ओहोटीच्या हिशेबाकडे वळावे. या प्रवासातील सर्वांत रंजक भाग तोच आहे. इंग्लिश खाडीतील पाणी साधारण सहा तास पूर्वेकडे वाहते आणि सहा तास पश्चिमेकडे. नौका दक्षिणेला जात असते, म्हणजे प्रवाह तिला आडवा ढकलतो; आधी एका कुशीवर, मग दुसऱ्या. बारा तासांच्या प्रवासात या दोन ढकलण्या बऱ्याच अंशी एकमेकींना छेदून जातात. म्हणून स्किपर प्रत्येक तासाच्या प्रवाहाचा वेग आणि दिशा तक्त्यातून काढतो, पूर्वेचे पूर्वेच्या बाजूला आणि पश्चिमेचे पश्चिमेच्या बाजूला मांडतो, आणि उरलेल्या शिलकेपुरतीच दिशा बदलतो. रात्रभर होकायंत्रावर एकच आकडा धरायचा असतो.

कागदावर हे सोपे दिसते; पडद्यावर नाही. आजच्या प्रत्येक नौकेवर नकाशा दाखविणारे उपकरण असते आणि त्यावर यारमथ ते शेर्बूर अशी सरळ रेघ ओढलेली असते. मध्यरात्री पाहावे तर नौका त्या रेघेपासून कित्येक मैल बाजूला गेलेली असते. शिकाऊ माणसाचा हात अशा वेळी आपोआप सुकाणूकडे जातो. रेघेवर परत यावे, हा मोह विलक्षण असतो. पण जो दर तासाला रेघेवर येण्यासाठी प्रवाहाशी झगडतो, तो अधिक पाणी कापतो आणि उशिरा पोचतो; आणि जो हिशेबावर विसंबतो, त्याला पुढचे सहा तास तोच प्रवाह परत आणून सोडतो. महिन्याच्या मध्यावर खाते तुटीत दिसले म्हणून दुकान बंद करणाऱ्या व्यापाऱ्याला जे सांगावे लागते, तेच येथे आहे. अर्थात हिशेब मुळात बरोबर असावा लागतो. वाऱ्याने वेग घटला आणि प्रवास बाराऐवजी पंधरा तासांचा झाला, तर जमाखर्च जुळत नाही आणि पुन्हा मांडावा लागतो. शिवाय शेर्बूरच्या तोंडाशी प्रवाह जोरदार असल्यामुळे बंदराच्या ज्या बाजूने पाणी येत असेल त्या बाजूला थोडे अधिक झुकून पोचावे, हा अनुभवाचा सल्ला आहे. उलट बाजूला घसरलेल्या नौकेला समोर बंदर दिसत असताना दोन-दोन तास प्रवाहाशी झुंजावे लागते.

म्हणून दर तासाला नोंद करायची. वेळ, कापलेले अंतर, धरलेली दिशा, वारा, वायुभारमापकाचा आकडा, आणि नौकेचे ठिकाण. वीज गेली, पडदा विझला, तरी शेवटच्या नोंदीपासून पुढे हाताने मोजणी करता येते. रोजकीर्द रोजची रोज लिहिणाऱ्या घराण्यांना या सवयीचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही.

अंधार पडला की डोळ्यांचे राज्य सुरू होते. डोळ्यांना अंधार सरावण्यास वीस-तीस मिनिटे लागतात, आणि मोबाइलचा पांढरा पडदा क्षणभर पाहिला तरी ती कमाई गमावते. म्हणून नौकेच्या आत नकाशाच्या मेजावर मंद लाल दिवा असतो. बाहेर समुद्रावर दिव्यांची एक भाषाच आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीने ती ठरवून दिली आहे. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा; इंजिनावर चालणाऱ्या मोठ्या जहाजाच्या डोलकाठ्यांवर आणखी दोन पांढरे, पुढचा खाली आणि मागचा वर. केवळ हिरवा दिसला तर जहाजाची उजवी बाजू आपल्याकडे. लाल आणि हिरवा एकदम दिसले आणि दोन्ही पांढरे एकावर एक आले, तर जहाज थेट आपल्यावर येत आहे. शिडावर चालणारी छोटी नौका डोलकाठीच्या टोकावर एकाच दिव्यात तिन्ही रंग दाखवू शकते. परंतु तिने इंजिन सुरू केले की ती कायद्याने इंजिनाची नौका होते, दिवे बदलावे लागतात आणि शिडाला मिळणारा अग्रमान जातो. दीपगृहांचीही अशीच ओळख असते. वाइट बेटाच्या दक्षिण टोकावरील सेंट कॅथरिनचे दीपगृह पाच सेकंदांना एकदा लखलखते. समोर फ्रान्समध्ये बार्फ्लरजवळचे गातव्हिल दहा सेकंदांना दोनदा. घड्याळ हातात घेऊन मोजल्याशिवाय दीपगृहाचे नाव घेऊ नये, असा दंडक आहे.

खाडीच्या मधल्या पट्ट्यातून पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मालवाहू जहाजांची रीघ लागलेली असते. अशा जहाजाचा वेग १८ नॉट धरला तर सहा मैलांवर दिसलेला दिवा वीस मिनिटांत अंगावर येतो. तेवढ्या वेळात शिडाची नौका दोन मैलही सरकत नाही. धोका आहे की नाही हे ओळखण्याची कसोटी जुनी आणि साधी आहे. हातातील होकायंत्राने जहाजाची दिशा पाहायची, दोन-तीन मिनिटांनी पुन्हा पाहायची, पुन्हा पाहायची. आकडा बदलत असेल तर ते पुढून किंवा मागून निघून जाईल. आकडा तोच राहिला आणि दिवा मोठा होत गेला, तर टक्कर ठरलेली आहे. नियमाप्रमाणे खुल्या समुद्रात इंजिनाच्या जहाजाने शिडाला वाट द्यावी, हे खरे. पण तेथील चांगले शिक्षक या नियमावर विसंबून राहू देत नाहीत. लवकर वळा, ठळक वळा, समोरच्याला कळेल असे वळा, एवढेच ते सांगतात.

याचे कारण पाठ्यपुस्तकात शोधावे लागत नाही. २० ऑगस्ट २००६ च्या रात्री 'ऊझो' नावाची शिडाची छोटी नौका याच वाइट बेटाच्या दक्षिणेस होती. तिच्यावरील तिघेही मृत्युमुखी पडले. ब्रिटनच्या सागरी अपघात अन्वेषण शाखेने चौकशी करून पुढील वर्षी अहवाल दिला. एका मोठ्या फेरीबोटीशी तिची टक्कर झाली किंवा ती इतक्या जवळून गेली की नौका पाण्याने भरली, असा निष्कर्ष त्यात निघाला. फेरीवरील पहारेकऱ्याचे डोळे अंधाराला पुरते सरावले नसावेत, आणि नौकेचा रडार-परावर्तक समजुतीपेक्षा फार कमी परिणामकारक होता, या दोन गोष्टी त्या अहवालात ठळकपणे येतात. तेव्हापासून तेथील प्रत्येक वर्गात शिकविले जाते की आपला दिवा लागलेला आहे म्हणजे आपण दिसतो आहोत, असे धरू नये.

या सर्व गोष्टी अभ्यासाने येतात. जी सहजासहजी येत नाही, ती वेगळीच आहे. रात्रीचा स्किपर म्हणजे रात्रभर जागणारा माणूस, अशी सर्वसाधारण समजूत असते, आणि पहिल्या खेपेला बहुतेक शिकाऊ तसेच करतात. सायंकाळी सातला सुकाणूजवळ उभे राहतात ते पहाटेपर्यंत. हौस असते, भीती असते, आणि जबाबदारी आपली आहे ही जाणीवही असते. परिणाम असा होतो की पहाटे चारला, फ्रेंच किनाऱ्याचे दिवे ओळखण्याची, प्रवाहाचा हिशेब तपासण्याची आणि बंदरात शिरण्याची वेळ येते तेव्हा, नौकेवरील सर्वांत थकलेला माणूस तोच असतो. थकलेला मेंदू लाल दिव्याला हिरवा म्हणत नाही. तो लाल दिवा पाहतो आणि त्याचा अर्थ लावायचे विसरतो. चांगला प्रशिक्षक म्हणून रात्री अकराच्या सुमारास एक अवघड आज्ञा देतो: खाली जा आणि झोप.

पाच जणांच्या गटात सामान्यतः दोन-दोनच्या दोन जोड्या करतात. एक जोडी तीन तास वर, दुसरी तीन तास खाली. स्किपर कोणत्याच जोडीत नसतो. मग त्याने करायचे काय? त्याने असे हुकूम मागे ठेवायचे की त्याला झोपता यावे. व्यापारी जहाजांवर कप्तान रात्रीचे हुकूम वहीत लिहून ठेवतो आणि पहाऱ्यावरचा प्रत्येक अधिकारी ते वाचून खाली सही करतो. भाड्याच्या नौकेवरही शहाणा स्किपर तेच करतो. वारा अमुक आकड्याच्या वर गेला तर उठवा. दिसेनासे होऊ लागले तर उठवा. कोणतेही जहाज दोन मैलांच्या आत येणार असे वाटले तर उठवा. दिशा न बदलणारा दिवा दिसला तर उठवा. कोणालाही कॉकपिट सोडून पुढे डोलकाठीकडे जावे लागणार असेल तर आधी उठवा, आणि कमरेची दोरी नौकेला अडकविल्याशिवाय एक पाऊल टाकू नका. आणि शेवटचा हुकूम: उठवावे की नाही असा प्रश्न मनात आला, तर तो प्रश्न हेच उत्तर समजा.

पाळी बदलताना ताबा देण्याची रीतही ठरलेली असते. नवी जोडी दहा मिनिटे आधी वर येते, डोळे सरावेपर्यंत सुकाणूला हात लावीत नाही. जुनी जोडी तोंडाने सांगते: धरलेली दिशा ही, वारा असा, उजवीकडे दोन जहाजे, त्यांतले एक मागून जाईल, दुसऱ्यावर लक्ष ठेवा, शेवटची नोंद दोनला केली. नवी जोडी हे सर्व परत म्हणून दाखविते. मगच सुकाणू हातात. बँकेत रोखपालाचा चार्ज बदलताना रोकड मोजून, दोघांच्या सह्या होऊन, मगच किल्ली दुसऱ्याच्या हातात जाते, तसाच हा प्रकार आहे. अर्धवट दिलेला ताबा हा दोघांपैकी कोणाचाच नसतो.

ही व्यवस्था कितीही चोख असली तरी तिची परीक्षा एका क्षणी होते. समजा रात्री पावणेदोन वाजता पहाऱ्यावरच्या जोडीने स्किपरला हाक मारली. तो धडपडत वर आला. पाहतो तर ज्याला ते दोन मैलांवरचे जहाज समजले, ती दूरची मासेमारी नौका आहे, आणि ती बाजूला चालली आहे. झोप मोडली, काम काहीच नव्हते. आता तो काय बोलतो, यावर उरलेली रात्र अवलंबून असते. "एवढ्यासाठी उठवलेत?" असा एक शब्द जरी निघाला, तरी पहाटे तीनला, खरोखर गरज असताना, कोणी हाक मारणार नाही, आणखी थोडे पाहू, स्वतःच निभावून नेऊ, असे म्हणत वेळ जाईल. आणि वीस मिनिटांत सहा मैल कापणाऱ्या जहाजापुढे वेळ हीच एक पुंजी असते. जो स्किपर "बरे केलेत" म्हणतो, त्यांच्याबरोबर दोन मिनिटे दिवा पाहतो, तो कोणत्या खुणेवरून मासेमारीचा ओळखावा ते सांगतो आणि परत खाली जातो, त्याने रात्रीच्या पहाऱ्याला एक डोळा जास्तीचा मिळवून दिलेला असतो. परीक्षक अशा क्षणाची वाट पाहत असतात, असे म्हणायला हरकत नाही. शीड आखडण्याचे कौशल्य दिवसाही तपासता येते.

एकट्याने समुद्र ओलांडणाऱ्यांची गोष्ट निराळी. भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या ५६ फुटी नौकेतून २००९-१० मध्ये मुंबई ते मुंबई अशी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. अशा प्रवासात ताबा द्यायला दुसरा कोणी नसतो, झोपही तुकड्यातुकड्यांनीच घ्यावी लागते. तो पराक्रम वंदनीय आहे. परंतु चार माणसे सोबत असताना जो एकट्यासारखा वागतो, त्याचे कौतुक करण्याजोगे काही नाही. चौघांना कामाची संधी न देता तो त्यांना प्रवासी करून ठेवतो, आणि स्वतः आजारी पडला किंवा घसरून पाय मोडला, तर नौका परत कशी न्यायची हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून नियोजनाची वही उघडी, सर्वांना वाचता येईल अशा ठिकाणी ठेवावी. संकटात रेडिओवर कोणत्या वाहिनीवर काय बोलायचे, हे नौकेवरील प्रत्येकाला येत असावे. ती वाहिनी १६ क्रमांकाची.

पहाटे गातव्हिलचे दोन लखलखाट डावीकडे मोजून झाले, पूर्व उजळली, की शेर्बूरचा लांबच लांब धक्का राखाडी रेघेसारखा दिसू लागतो. पश्चिमेच्या तोंडातून आत गेल्यावर पाणी एकाएकी शांत होते. फ्रान्सचे घड्याळ एक तास पुढे असते, त्यामुळे सातचे आठ वाजलेले असतात. नौका बांधायची, सीमा अधिकाऱ्यांकडे कागद न्यायचे, नोंदवहीत शेवटची ओळ लिहायची.

इतक्या उत्साहात एक गोष्ट मागे पडू नये. नौका भाड्याची आहे, तिची परतीची तारीख ठरलेली आहे, आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी ती इंग्लंडच्या धक्क्यावर नव्या भाडेकरूसाठी धुतलेली हवी. हवामानखात्याने नैर्ऋत्येचे जोरदार वारे सांगितले, प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध जाऊन लाटा उभ्या राहणार असे दिसले, तर काय करावे? उशिराचा दंड, बुडालेली अनामत, सोमवारी कामावर हजर होण्याचे बंधन, हे सारे कानाशी कुजबुजत असते की निघा, होईल काहीतरी. नोंद घ्यावी की उधळलेल्या खाडीत नाइलाजाने अडकलेल्या कित्येक नौका परतीच्या वाटेवरच्या असतात. अनुभवी स्किपर म्हणून भाडेकरार करतानाच कंपनीला विचारून ठेवतो की हवामानामुळे नौका शेर्बूरला सोडावी लागली तर ती परत आणण्याचा खर्च किती. हा आकडा आधी माहीत असला की तो प्रवासाच्या अंदाजपत्रकातच एका ओळीवर लिहिता येतो. शेर्बूरहून पूल आणि पोर्ट्‌समथकडे फेरीबोटी जातात. चौघांना तिकिटे काढून देऊन, नौकेच्या दोऱ्या दुप्पट बांधून, किल्ली बंदर कार्यालयात ठेवून आणि कंपनीला दूरध्वनी करून स्किपरही त्याच फेरीत जाऊन बसला, तर पाचही जण सोमवारी कामावर असतात, आणि नौका वारा पडेपर्यंत शेर्बूरच्या धक्क्याला उभी असते.